पत्रकातल्या शेवटच्या दोन ओळी

कोणतंही सरकारी परिपत्रक हातात आलं की काका ते शेवटच्या पानापासून वाचायला घेत. चष्मा कपाळावर, कागद नाकाजवळ आणि डाव्या हाताचा अंगठा पानाच्या तळाशी. समोर कुणी कितीही घाई करो, तो अंगठा आपल्या चालीने खालून वर सरकत येई. "खरा नियम खाली असतो, फणसवाडी," ते मला म्हणत. "वर सरकार बोलतं. खाली कबूल करतं."

फणसवाडी म्हणजे मी. मी तिथून येत असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मला हे नाव देऊन टाकलं आणि माझं खरं नाव शेवटपर्यंत उच्चारलं नाही. दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लहान बिल्डरांच्या संघटनेचं ऑफिस होतं. लहान म्हणजे चार-सहा मजल्यांचे, एखाद-दुसरी चाळ हातात घेणारे, ज्यांना वकील ठेवणं परवडत नाही असे. त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी एक पत्रक निघे. कोणता नियम बदलला, जिन्याची रुंदी किती, पार्किंगचं काय, आगीच्या दाखल्याला आता कुठला कागद लागतो. एकच पान, पाठपोट छापलेलं. नियम शोधून आणायचं आणि सोप्या मराठीत लिहायचं काम काकांचं, टाइप करून पानात बसवायचं काम माझं.

त्याआधी त्यांनी आयुष्यभर एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले होते. ती सवय गेली नव्हती. कुणी सभासद नवा नकाशा दाखवायला आला की काका आधी खिशातली पेन्सिल काढून प्रत्येक खोलीत एक छोटी खाट काढत. "हॉल मोठा आहे, बाथरूम दोन आहेत, ठीक आहे," ते म्हणत. "पण खाट कुठे? माणूस झोपणार कुठे?" खाट बसली नाही तर नकाशा परत. एका बिल्डरने वैतागून सांगितलं होतं, "काका, आजकाल लोक सोफा-कम-बेड घेतात." काकांनी तिथेच सोफा-कम-बेड उघडून काढला आणि दार कसं अडतं ते दाखवलं.

सभासदांचे फोन सकाळी अकरापासून सुरू होत. "काका, नवीन काय?" "नवीन काही नाही. जुनंच बदललंय." हे रोजचं ठरलेलं. अशा माणसांची तुम्हीही थट्टा केली असेल. आम्हीही करत होतो. पण एकूण एक बिल्डर त्यांच्या पत्रकावर डोळे मिटून चाले. एवढा विश्वास बरा नव्हे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर जुन्या चाळींच्या पुनर्विकासाबद्दल एक परिपत्रक आलं. आमचा छापखाना लालबागला. एकदा गणपती बसले की तिथे दहा-बारा दिवस मशीन बंद, तेव्हा पत्रक त्याच दिवशी जायला हवं होतं. काकांनी सकाळी मजकूर लिहून दिला आणि दुसऱ्या एका कामासाठी ते सरकारी कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले. मी पान लावलं. दोन ओळी जास्त होत होत्या. तळाशी टाइल्सवाल्याची जाहिरात होती, तिला हात लावायचा नव्हता. मी फोन केला.

"काका, दोन ओळी बसत नाहीयेत."

मागे गर्दीचा कालवा ऐकू येत होता. "नंबर आलाय माझा," ते म्हणाले. "तुम्ही बघा काय ते."

मी बघितलं. मजकूर असा होता: जिन्याखालच्या आणि गॅलरीच्या टोकाच्या जागा स्वतंत्र खोली म्हणून भाडेकरूंच्या यादीत धरू नयेत. त्याच्याखाली दोन ओळी: परंतु अशा जागेची स्वतंत्र जुनी भाडेपावती असेल, तर ती राहती खोली समजावी. वरच्या वाक्याने अर्थ पुरा होतो असं मला वाटलं. मी खालच्या दोन ओळी काढल्या. पान छान बसलं.

दसरा झाल्यावर एका दुपारी जिन्यावर हळूहळू पावलं वाजली. आमचा जिना लाकडी होता, वर येणारा माणूस म्हातारा की तरणा हे आम्हाला खुर्चीत बसून कळे. साठीच्या पुढची एक बाई दारात उभी राहिली. हातात कापडी पिशवी, बाहीला कणीक लागून वाळलेली. काका बाहेर गेले होते. तिने पिशवीतून आमचं पत्रक काढून माझ्यासमोर धरलं.

"ह्या तुम्ही काढतास?"

"हो."

"मगे माझी खोली खोली नाय म्हणून ह्येच्यात लिवलला आसा, ता खरा?"

ती घोडपदेवच्या एका चाळीत जिन्याखाली राहत होती आणि लालबागच्या खानावळीत चपात्या लाटत होती, एवढं तिने सांगितलं. "घोवाच्या नावाच्यो पावत्यो आसत माझ्याकडे. पण बिल्डरचो मानूस म्हणता, आता छापून इला, काय होवचा नाय."

नवऱ्याच्या पावत्यांचं ऐकूनही मला काढलेल्या त्या दोन ओळी आठवल्या नाहीत. आणि मी म्हणाले, "मावशी, नियम सरकारचा आहे. आम्ही फक्त छापतो."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. छापलेलं खोटं कसं असेल, असा काहीतरी हिशेब तिने मनाशी केला असावा. "बरा," म्हणाली. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर पेला बेसिनवर नेऊन विसळला, पालथा ठेवला आणि आली तशी हळूहळू खाली गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

काका पाच वाजता आले. मी चहाबरोबर सहज सांगितलं की एक बाई येऊन गेल्या. ऐकता ऐकता त्यांनी फायलीतून मूळ परिपत्रक काढलं, मग आमचं पत्रक. दोन्ही शेजारी ठेवली आणि अंगठा तळापासून वर आणायला लागले. आमच्या पत्रकावर तो पहिल्याच ओळीला थांबला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की मी काय केलं आहे.

"काका, मी..."

"मी म्हणालो ना, बघा काय ते," ते म्हणाले. "नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही."

"जाणार कुठे, काही म्हणाल्या?"

"नाही."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "पाणी दिलंत ना?"

"दिलं."

"बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घोडपदेवला गेलो. चाळ रिकामी झाली होती, वरची कौलं उतरवायला सुरुवात झाली होती. वॉचमनने जिन्याखाली बोट दाखवलं. "चपातीवाली मौसी? कल शाम को गयी. सुबह तक जिद पे बैठी थी, नहीं जाऊंगी बोलके. दोपहर को कहीं जाके आयी और खुदही सामान बांधा. भांजी टेम्पो लेके आयी थी. वसई-नालासोपारा साइड."

दुपारी ती कुठे जाऊन आली होती, हे मला माहीत होतं.

त्या जागेला दार उरलं नव्हतं. आतली भिंत निळी, तिच्यावर स्टोव्हच्या बाजूला धुराचा पट्टा आणि एक खिळा. काकांनी खिशातून टेप काढला. एक टोक मला धरायला लावलं आणि लांबी-रुंदी मोजून पत्रकाच्या समासात लिहिली. मग त्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "खाट बसते, फणसवाडी."

तिथून आम्ही सरळ बिल्डरकडे गेलो. तो सभासदच, माणूस वाईट नव्हता. "काका, मी मुद्दाम नाही केलं हो. तुमच्या पत्रकावर चाललो," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच आलोय."

त्याने जुनी यादी काढली. जिन्याखालच्या खोलीपुढे लाल रेघेने खोडलेलं नाव होतं, सुलोचना. बिल्डरने आमच्यासमोर ते पुन्हा लिहून घेतलं. "बाईंना आणा, खोली देतो. सहाव्या मजल्यावरची एक बाजूला ठेवतो. पण इमारतीचा ताबा देईपर्यंतच हां. त्यानंतर मला ती सोडावीच लागेल." काकांनी त्याच्याकडून नकाशाची एक प्रत मागून घेतली, सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत पेन्सिलीने खाट काढली आणि तो नकाशा माझ्या टेबलामागच्या भिंतीला लावला.

पुढच्या पत्रकात पहिल्याच जागी ठळक अक्षरांत दुरुस्ती गेली. काकांनी सांगितलं, मी टाइप केलं: "मूळ परिपत्रकातील महत्त्वाचा भाग छापायचा राहिला. चूक सर्वस्वी संकलकाची आहे." संकलक म्हणून तळाशी नाव काकांचं असे. मी हात थांबवून म्हणाले, "काका, हे बरोबर नाही."

"टाइप करा," ते म्हणाले. "आणि आजपासून शेवटच्या दोन ओळींची जागा मोकळी सोडायची. काही झालं तरी भरायची नाही."

इमारत उभी राहायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत काका दर शनिवारी वसई, नालासोपारा, विरार धुंडाळत राहिले. खानावळी आणि पोळीभाजी केंद्रं, एवढाच त्यांचा माग. वॉचमनकडून मिळालेला भाचीचा नंबर लागत नव्हता. यादीतल्या गावाच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं होतं. कुठे काही विकत न घेता नुसती चौकशी करायची त्यांना लाज वाटे, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते चार चपात्या बांधून घेत. सोमवारी ऑफिसात त्या चपात्यांचा चिवडा होई. शिपायाने एकदा थट्टेत विचारलं, "काका, लग्न जमवताय काय कुणाचं?" काका हसले. मला हसू आलं नाही. दोन-तीन शनिवार मीही गेले त्यांच्याबरोबर. दुकानाच्या आत एखादी बाई पाठमोरी लाटत बसलेली दिसली की आम्ही दोघं बोलायचं थांबत असू. ती वळून बघे, आणि दुसरीच कुणी असे.

ऑफिसातही तेच सुरू झालं. जिन्यावर सावकाश पावलं वाजली की काका लिहिता लिहिता थांबत, माझी बोटं कीबोर्डवर थांबत, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसू. दारात कुरिअरवाला येई, टाइल्सवाला येई.

ताबा द्यायच्या दिवशी काका सकाळी आठपासून नव्या इमारतीच्या गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी दुपारी डबा घेऊन गेले, तो त्यांनी उघडला नाही. माणसं येत होती, नारळ फुटत होते, किल्ल्या घेऊन लोक वर जात होते. जुन्या चाळकऱ्यांपैकी जो दिसेल त्याला काका विचारत, "सुलोचनाबाईंचं काही कळलं?" संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर बिल्डर शेवटची किल्ली घेऊन आमच्याजवळ आला. "काका, आता?" एवढंच म्हणाला. काकांनी किल्ली हातात घेतली, मिनिटभर धरली, आणि त्याला परत दिली.

"चला, फणसवाडी. त्या आपल्या जिन्यावरून परत गेल्या, आपण लिफ्टने वर खोली बघायला काय जायचं?" असं काहीतरी ते म्हणाले आणि उगाच हसायला गेले. त्यांना मी रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतरही त्यांचे शनिवार चालूच राहिले. खोली आता दुसऱ्याची झाली होती, बाई सापडली तरी द्यायला हातात काही नव्हतं. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, सापडल्या तर सांगणार काय?" ते म्हणाले, "सांगायचं की खोली होती. ती खोलीच होती. कागदावर चुकलं." माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. संघटनेत आजही सगळे ती चूक काकांचीच समजतात. ती माझी होती, आणि ते असेपर्यंत चार लोकांत हे सांगायची हिंमत मला झाली नाही. दोन वर्षांपूर्वी माहीमला त्यांच्या घरी झोपेतच ते गेले. आता इथे लिहिते आहे, पण याचा त्यांना काय उपयोग?

आमच्या ऑफिसची इमारतही पाडून नवी झाली. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत. पत्रक मीच लिहिते, सभासदांच्या मोबाईलवर जातं. पाहिजे तितकी पानं घेता येतात, ओळी कापायची गरजच नाही. तरी परिपत्रक आलं की मी ते शेवटच्या पानापासून वाचते, आणि पत्रकाच्या तळाशी दोन ओळींची जागा सोडते. भिंतीवर तो नकाशा आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण खाट ओळखू येते.

परवा आमचे नवे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, प्रत्येक वेळी खाली जागा रिकामी का सोडता? छोटी जाहिरात बसेल तिथे."

"ती जागा रिकामी नाहीये," मी म्हणाले.

ते पत्रकाकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दाराकडे बघितलं, कारण बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला होता. नव्या इमारतीत पावलं वाजत नाहीत. कोण आलंय ते दार उघडेपर्यंत कळत नाही.