साय नसलेले आइस्क्रीम

महाडच्या बाजारातल्या नव्या पार्लरवरून जाताना व्हॅनिलाचा तो गोड, किंचित उग्र वास अंगावर येतो, आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी आइस्क्रीम या शब्दाची जन्मकथा मोबाइलवरून मला वाचून दाखवतो. कधी त्यात एखादा सम्राट असतो, कधी दूरदेशीचे खलाशी. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. अर्थ एवढाच : बर्फाने गोठवलेली साय. जिथे साय नाही, तिथे तो शब्द नाही. माझा धाकटा भाऊ जमिनीच्या वाटणीवरून घर सोडून गेला, असे आमच्या कापडे गावात सांगतात. साफ खोटे. तो या एका वाक्यामुळे गेला, आणि ते वाक्य माझे होते.

तो मुंबईत आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होता. बहिणीच्या साखरपुड्याला त्याने लाकडी बादलीचे यंत्र आणले, महाडहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली, आणि मिठाचे थर देत दुपारभर दांडा फिरवला. म्हशी आटलेल्या, थोड्या दुधात आरारूट घालून त्याने निभावले. "माज्यासारख्या बिनदातांची सोय केलीस रे," एक म्हातारी म्हणाली, आणि सारे हसले, तोही हसला. तेव्हा मी पाहुण्यांदेखत त्या शब्दाची फोड करून सांगितली. "यात साय कुठे आहे? ही आरारुटाची गोठवलेली पेज. दुकानात हा भांडी घासत असणार." पाहुण्यांचे हात थांबले. तो मात्र मान खाली घालून दांडा फिरवत राहिला. त्या संध्याकाळी गेला, तो जिवंतपणी परतला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. दहावा गावच्या नदीकाठी झाला. पिंडाशेजारी त्याच्या बायकोने आइस्क्रीमचा कप ठेवला होता. कावळे झाडावर बसून राहिले, खाली उतरेनात. गेलेल्याची काही इच्छा अडली आहे, हे सर्वांनी ओळखले.

"भाऊजी, एवढं बोला," ती म्हणाली. "'तुझं आइस्क्रीम खरं होतं.' बास."

"मेल्यावर तरी पास कर रे त्याला, मास्तर," चुलतभाऊ म्हणाला.

मी वाकलो. कपावर बारीक अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट' असे छापलेले होते, म्हणजे सायीऐवजी वनस्पती तेल. मी ते मोठ्याने वाचले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. तिने विरघळलेला कप नदीत ओतला, आणि माझ्याकडे न पाहता गाडीत जाऊन बसली. माझ्या हट्टामुळे कावळा शिवला नाही, असे आता सांगतात. माझ्या मते कावळा गार पदार्थाला चोच लावत नाही. काळ माणसे नेतो, अर्थ नेत नाही. तो माझ्यापाशी शाबूत आहे, अचूक आहे. घरात तो ऐकायला कुणी नाही.