घरचा साक्षीदार

दशावतारात राणी होणाऱ्या एका नटाचं चरित्र मी कुडाळच्या सायबर कॅफेतून ऑनलाइन ज्ञानकोशात लिहिलं. दूरच्या विद्वान संपादकाने फर्मावलं, "पुरावा द्या, नाहीतर पान काढू."

नटाला बोलावलं. तो पदर नसतानाही खांदा सावरत आला.

"आमचा नाटक तोंडी, छापतलो कोण?" म्हणत त्याने बोचकं सोडलं. जत्रांत बायकांनी खूश होऊन दिलेल्या साड्या! "ही वालावलच्या वयनीची. म्हणाली, घोवान हाडल्यान, पण माका शोभणा नाय, तुका शोभात."

साडी मी ओळखली. दिवाळीला बायकोसाठी मीच आणलेली.

इमानाने पुरावा लिहिला: 'माझ्या पत्नीने साडी दिली.' उत्तर आलं, "घरचा साक्षीदार पक्षपाती असतो." पान गेलं.

पक्षपात झाला होता, खरंच. फक्त माझ्या बाजूने नव्हता.