एका उंचीचे दोन आवाज

मी सौसरचा. ऐंशीच्या दशकात लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होतो आणि पोस्टिंग होती उत्तरेच्या बर्फाळ सीमेवर. कोणाच्याही शब्दावर सहज विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला पहिला धडा. ही गोष्ट घडली त्याच आठवड्यात शत्रूने वायरलेसवर आमचा माणूस असल्याचं भासवून एका गस्तीला भलत्याच नाल्यात उतरवलं होतं. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून पीत होतो.

वरच्या चौकीवर आमच्याच भागातले दोघे होते. पांढुर्ण्याचा लान्स नाईक धनराज आणि रामाकोन्याचा शिपाई पुंडलिक. धनराजचा आवाज म्हणजे ढोल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरच्या गावांची दगडफेक चालते, त्या गोटमारीत तो ओरडला, की जाम नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाई.

दुपारी सेटवर धनराज आला. "बर्फाचा कडा कोसळला. बंकर दबला. मदत पाठवा. ओव्हर."

आवाज त्याचाच, पण सपाट, बाजारभाव सांगावा तसा. शिवाय तो थांबला, की दुसऱ्याच कोणाचं पुटपुटणं तितकंच जवळून येई. ते झालं, की पुन्हा हा बोले. मी कॅप्टन साहेबांना बोलावलं.

त्यांनी हेडफोन लावून ऐकलं. "बगल में कोई बैठा है. इससे बुलवा रहा है."

परवलीचा शब्द विचारला, तो बरोबर आला. पण पकडलेल्या माणसाकडून तोही वदवता येतो. आठ जवान दोर-फावडी घेऊन उभे होते. साहेबांनी त्यांना थांबवलं. वर सापळा असता, तर आठही गेले असते.

मी परवानगी घेतली आणि बटण दाबलं.

"धनराज, गोटमारीत बोंबलतो तसा बोंबल बे. ओव्हर."

"तसाच बोंबलून राहिलो ना बे! घसा फाटला माहा! ओव्हर."

तरी आवाज तेवढाच. हळू बोलायला लावलं, तोही तेवढाच. मग उमगलं. पाठवणाऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, म्हणजे तो खरखरीत बुडत नाही. आमच्याकडचा एक्स्पांडर त्यांना परत आपापल्या उंचीवर आणतो. ते एक्स्पांडरचं कार्डच निकामी झालं होतं. आरोळी आणि कण्हणं एकाच उंचीवर येत होतं.

"तुह्याजवळ कोन आहे? ओव्हर."

"कोनी नाही. पुंडलिक तिकडं कोपऱ्यात दबून आहे. काही तरी बोलून राहिला, माहे तर कान बसले. ओव्हर."

मी साहेबांना बिघाड समजावला, त्यांनी हुकूम दिला आणि जवान निघाले. साहेब म्हणाले, "कार्ड बदलो."

"थोडं थांबा, साहेब."

कार्ड बदललं असतं, तर पुंडलिक ऐकू आला नसता. कान देऊन ऐकल्यावर शब्द लागले. "माय, दार लावू नको. मी येऊन राहिलो." तेच, पुन्हा पुन्हा. मग नुसती खरखर उरली. जवान पोचले तेव्हा एकटा धनराज जिवंत निघाला.

सुट्टीत रामाकोन्याला गेलो. पुंडलिकच्या मायला ते शब्द सांगितले. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मले बरं वाटावं म्हनून तर नाही सांगून राहिला?"

"नाही, माय. ह्याच कानानं ऐकलं."

ती उठली. थंडीमुळे लोटलेलं दार तिनं सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसली.