साडूभाऊंचा कडू इलाज

आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका वैद्यकाचा अभ्यास अख्ख्या मोताळा तालुक्यात कुणाचा नव्हता, आणि तो त्यांनी एकही पुस्तक न उघडता केला होता. मधुमेह झाल्याचं मलकापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा साडूभाऊंनी त्यांना निदानात पास केलं आणि उपचारात नापास. रोज इन्शुलिनची सुई, वेळेवर जेवण, साखर बंद, दारू बंद, असं डॉक्टरांचं म्हणणं. साखर साडूभाऊंनी त्याच दिवशी सोडली. बिनसाखरेचा चहा ते अशा चेहऱ्यानं पीत, की पाहणाऱ्याला वाटावं, देशासाठी तुरुंगात जाऊन आलेत. दारूचं मात्र तसं नव्हतं. दारूबंदीचे दिवस होते ते. म्हणजे मोहाची दारू विचारल्याशिवाय मिळत नसे, एवढाच काय तो फरक.

"मास्तर, साखर गोड, अन् हे कडू," ते मला समजावत. "कडू पोटात गेलं का गोड आपोआप मरते." वर पुन्हा हिशोबाला चोख. ज्या दिवशी घ्यायची, त्या दिवशी भाकरीला शिवायचं नाही. भाकर नाही तर साखर येणार कुठून? ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून त्यांना सुई टोचायची आणि ताट वाढायची. घ्यायच्या दिवशी ताट येईतो आमचे धन्वंतरी शेताच्या नावाखाली पसार झालेले असत.

नांदुऱ्याला एका नातलगाकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. साडूभाऊ सकाळी सुई घेऊन, ताट तसंच ठेवून निघालेले. तिथं पोचल्यावर गोठ्यामागे मंडळींनी त्यांचा यथोचित सत्कार केला. दुपारी मांडवात ते घामाघूम झाले, काहीतरी असंबद्ध बोलू लागले आणि सतरंजीवर कलंडले. तोंडाला वास येतच होता. कुणी हसलं, कुणी म्हणालं, भाऊसाहेबाले जास्त झाली, झोपू द्या.

बायकांतून ताई उठून आली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "हे जेवले काय?" मी नाही म्हटलं.

"सुई घेऊन उपाशी राह्यले, साखर उतरली. साखर आणा," ती म्हणाली.

मांडवभर शहाणे होते. त्यांना साखरेचाच आजार आहे, आणखी साखर काय घालता, असं जो तो तिला सांगू लागला. तिनं स्वतः कोठीघरात जाऊन मूठभर साखर आणली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या बोटानं त्यांच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून ती चोळत राहिली. सनई थांबली. बऱ्याच वेळानं साडूभाऊंनी डोळे उघडले.

"गोड काऊन लागून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

ताईची चिकट बोटं थरथरत होती, ती तिनं पदरात लपवली. साडूभाऊ त्या पदराकडे पाहत राहिले. परतीच्या एसटीत सबंध रस्ताभर त्यांनी कुणालाही औषध सुचवलं नाही.

त्यानंतर त्यांनी मोहाची सोडली ती सोडलीच. पुढे एकदा मी मोताळ्याला गेलो, तर सुई टोचून घेऊन ते मुकाट्यानं भाकर चावत होते. त्यांना चेव यावा म्हणून मी मुद्दाम कडू-गोडाचा विषय काढला. ते नुसते हसले.

"तिचा हात कापताना पाह्यला म्या, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आता असं बोलाले जीभ नाही उचलत."

ताईनं आणखी एक भाकर वाढली. साडूभाऊ ती निमूट खाऊ लागले. त्यांच्या तोंडून एखादं तरी अफाट निदान ऐकायला मिळावं म्हणून मी बराच वेळ बसून राहिलो.