प्रोयेत्ती आणि आमचं आडनाव

ऐंशीच्या दशकात लंडनच्या एजवेअरला आम्ही एका कॅफेच्या वरच्या खोलीत राहायचो. चौघांत एक खोली, भिंतींना बुरशी, आणि कोटांना बेकनच्या चरबीचा वास. शाळेत मुली बाजूला सरकायच्या. बाबा फॅक्टरीत, आई खाली कॅफेत भांडी घासायची. कॅफेचा मालक म्हातारा इटालियन, विधुर. आडनाव प्रोयेत्ती.

गरिबीचं एक वेळ चालून जायचं, आडनावाचं नाही. तिथल्या मराठी बायकांनी एकदा आईला हळदीकुंकवाला बोलावलं. आम्ही बौद्ध, तिला त्यातलं काही नको होतं. पण चार शब्द मराठी बोलायला मिळतील म्हणून गेली. कुणीतरी आडनाव विचारलं, हिने सांगितलं. चहा मिळाला. पुढचं बोलावणं आलंच नाही. आमचं आडनाव ऐकलं की आपल्या माणसांना जात विचारावी लागत नाही.

बाबांनी मनात धरलं. मी युनिव्हर्सिटीत जायच्या आधी सॉलिसिटरकडे जाऊन सगळ्यांचं आडनाव बदलायचं. गावाच्या नावाला 'कर' लावायचं, की झालं. मी नको म्हणाले तर बाबा हसले.

"पोरीचं आडनाव म्हणजे भाड्याची खोली. कधीतरी सोडायचीच."

सोमवारी जायचं होतं. शनिवारी मी आईच्या मदतीला खाली गेले, तर तिने मोडक्या इंग्रजीत मालकाला विचारलं, तुमच्या आडनावाचे लोक पूर्वी कसलं काम करायचे? माणूस ओळखायची आपल्याकडची हीच रीत. जी हिला नडली, तीच हिने त्याच्यावर चालवली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्याने हात पुसले. हे कामावरून पडलेलं नाही, म्हणाला. रोममध्ये नकोशी तान्ही मुलं लोक हॉस्पिटलच्या भिंतीतल्या फिरत्या पेटीत ठेवून जायचे. त्या मुलांना हे आडनाव मिळायचं. अर्थ एवढाच, फेकून दिलेला. त्याचा पणजोबा त्या पेटीतून आलेला. तिकडे अजूनही लोक आडनावावरून ओळखतात, म्हणाला.

आईने विचारलं, मग बदललं का नाही?

"मुलाने बदललं. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याची आई गेली तेव्हा मी ऑफिसात फोन केला, वडील बोलतोय म्हणालो. तिकडची बाई म्हणाली, त्यांचे वडील तर केव्हाच वारले."

बोलता बोलता तव्यावरची अंडी करपली. ती टाकून त्याने दुसरी फोडली.

रविवारी मी बाबांना सांगितलं, मी सही करणार नाही.

"उद्या नोकरीत मराठी साहेब भेटला म्हणजे कळेल."

"भेटू दे, बाबा. मी त्याच्यासाठी शिकत नाहीये."

सोमवारी ते आईला आणि धाकट्या भावाला घेऊन गेले. संध्याकाळी एका खोलीत दोन आडनावं झाली. कित्येक आठवडे बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि पहिल्यासारखं पुन्हा कधी बोलले नाहीत.

तीन वर्षांनी पदवीदानाला आले, आईच्या आग्रहाने. हॉलमध्ये माझं नाव पुकारलं. आईने टाळ्या वाजवल्या. बाबा मान खाली घालून बसले होते.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. ती आमच्या जुन्या आडनावाने आहे.