वरचा कापूस

अकोल्याच्या जुन्या शहरात बशीर मुकादमाला ओळखत नाही असा माणूस एकतर नवा असायचा, नाहीतर बहिरा. कापसाच्या जिनिंगवर कामाला जाण्याआधी चौकातल्या हॉटेलात तो अर्धा कप चहा घ्यायचा आणि अख्खं सरकार चालवायचा. पैसा कुठे खर्चावा हे दिल्लीला कळत नाही, मुंबईला तर त्याहून नाही, हे त्याचं ठाम मत. नदीवरचा ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि पलीकडचा दवाखाना सातासमुद्रापार व्हायचा. म्हणून तिजोरीतला पहिला पैसा पुलाला. कोणी डॉक्टरी संशोधनाचं नाव काढलं की बशीर कप खाली ठेवायचा.

"माणूस दवाखान्यात पोचलाच नाई, तं डॉक्टर संशोधन काय मच्छरावर करीन?"

लोक हसायचे. आणि खरं सांगायचं तर मुद्दा खोटाही नव्हता.

त्याचा दुसरा लौकिक कापसाचा. ते दिवस वाईट होते. भाव पडलेले, निम्म्या जिनिंगांना कुलपं. तेल्हाऱ्याकडून आलेल्या गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि तळाशी ओला, डागाळलेला, हे नेहमीचंच. बशीर वरच्या कापसाकडे ढुंकूनही पाहायचा नाही. बाही मागे सारून खांद्यापर्यंत हात खुपसायचा, तळातली मूठ काढायचा आणि चारचौघांत उघडायचा. गाडीवाला ओशाळायचा. बशीरला त्यात गोडी वाटायची, तेही कशाला लपवा.

अशा या बशीरच्या जिनिंगवर एका हंगामात डॉक्टर स्वराली आली. सरकीपासून रुई सुटताना जे बारीक तूस उडतं, ते बायांच्या छातीत जाऊन काय करतं, याचा अभ्यास सरकारी पैशातून चालला होता. तिच्याकडे दम मोजायचं नळीचं एक मशीन होतं, त्यात जोरात फुंकायचं. मालक खुशालराव म्हणाले, बशीर, तपासणीला बाया तू काढून दे. एवढंच म्हणाले. डोळासुद्धा मिचकावला नाही.

बशीर मात्र मनात हिशोब करू लागला. आजार निघाला तर इथेही कुलूप लागेल, आणि मग या बाया खातील काय? आत यंत्रापाशी बसणारी पार्बताबाई तर सुट्टीनंतर कामावर आली की खोकून खोकून वाकडी व्हायची. गुळाचा खडा तोंडात धरला की तूस उतरतं अशी साऱ्यांची समजूत, म्हणून ती पदराला गूळ बांधूनच यायची. त्या दिवशी बशीरने तिला आणि यंत्रापाशीच्या इतर बायांना मागच्या गोदामात गोण्या शिवायला पाठवलं. मशीनपुढे उभ्या केल्या त्या बाहेर अंगणात कापूस वाळवणाऱ्या, उन्हावाऱ्यातल्या धडधाकट बाया. त्यातल्या मैनाने तर असं फुंकलं की टाळ्या पडल्या. जाताना स्वरालीने बशीरचाचांचे आभार मानले.

पुढे कळलं की इथे काळजीचं कारण सापडलं नाही, तेव्हा आणखी खर्च नको असं वर ठरलं. बशीरने हॉटेलात छाती फुगवून सांगितलं की तो आधीपासून हेच म्हणत होता. काही वर्षांनी नदीवर उंच पूलही झाला. त्याने धाडलेल्या अर्जांमुळे झाला की निवडणुकीमुळे, हे देव जाणे, पण लोक त्याला बशीरचा पूल म्हणू लागले आणि त्याने कोणाला अडवलं नाही.

मग एका सकाळी पार्बताबाई जिनिंगच्या फाटकाशीच बसली. श्वास पुरेना. तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बशीरने तिला रिक्षात घातलं. पुलावर वारा लागला तशी तिने मान वर केली.

"तुमचा पूल बरा झाला, बशीरभाऊ. पयले तं इथंच जीव गेला असता."

एरवी असं कोणी म्हटलं की बशीरची मिशी वर चढायची. आज त्याला रिक्षातून उतरून जावंसं वाटलं.

दवाखान्यात नेमकी स्वरालीच होती. तिने छाती तपासली, विडीचं विचारलं, चुलीचं विचारलं. चुलीच्या धुराचा त्रास दिसतो, म्हणाली. गोळ्या देते, बरं वाटलं की कामावर जायला हरकत नाही. जिनिंग तर आपण तपासलंच होतं, नाही का चाचा?

बशीरने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पार्बताबाई परवा पुन्हा यंत्रापाशी बसली असती.

"डॉक्टरबाई," बशीर खाली पाहत म्हणाला, "तुमी वरचा कापूस पाह्यला. खालचा मी लपवला होता."

तिला कळेना. मग त्याने सगळं सांगितलं, गोदामासकट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या उलथ्या करणाऱ्याला स्वतःची गाडी उलथी करताना घाम फुटला. स्वरालीने पेन खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. अभ्यास बंद झाला, पैसा दुसरीकडे गेला, वर पुन्हा लिहून पाहीन, असं ती हळू आवाजात म्हणाली. पार्बताबाईला तिने यंत्रापाशी पाऊल टाकायची बंदी केली. गेलेला दम मात्र आता परत यायचा नाही, हेही सांगितलं.

पार्बताबाईने पदर सावरला. मग तिने बशीरकडे पाहिलं.

"त्या गोण्या तं धडच होत्या, भाऊ, शिवाले काईच नव्हतं. मले वाटलं, मी खोकतो म्हून तुमी मले त्या दिवशी आराम देला. कितीक दिवस तुमाले दुवा देत होतो मी."

बशीरने रिक्षा बोलावली. परत येताना रिक्षा पुलावरून भरकन निघाली. पार्बताबाईने सवयीने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. तो त्याला खाताही येईना, टाकताही येईना. फाटक येईपर्यंत त्याने तो मुठीत धरून ठेवला आणि एकदाही मान वर केली नाही.