कांद्यात शिरलेल्या मेंढ्या

आमच्या जुन्नरकडच्या हायस्कुलाचा दहावीचा निकाल कधी चारचौघांत सांगण्यासारखा नसायचा, म्हणून सरांची सगळी भिस्त आम्हा पळणाऱ्या पोरींवर. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर होत्या. शेवटच्या फेरीत मी पुढे होते आणि अख्खी शाळा माझं नाव घेऊन ओरडत होती.

नेमके तेव्हाच कुंपणापलीकडच्या रस्त्याने माझे वडील मेंढरं घेऊन चालले होते. दोन मेंढ्या कुणाच्या तरी कांद्यात शिरल्या आणि वडिलांनी हाळी दिली. ती हाळी ऐकली की हातातलं टाकून मेंढरांना आडवं पळायचं, ही आमच्या घरची लहानपणापासूनची सवय. मी रेषा सोडली, कुंपणावरून उडी मारली आणि मेंढ्या हाकलून बाहेर काढल्या. मग मागे वळून पाहिलं. ओतूरची पोरगी जिंकली होती, सर डोक्याला हात लावून मटकन खाली बसले होते आणि सगळं मैदान हसत होतं.

संध्याकाळी मी शरमेने चुलीकडे तोंड करून बसले होते. वडील मात्र कौतुकाने आईला सांगत होते, "शाळेत घातल्यापास्नं पोरगी लई जोरात पळाया लागली गं. उद्या मास्तरला सांगूनच येतो."